एक जानेवारीची फाइल

१

तीन नंबरच्या रिअॅक्टरचं झाकण उडालं तेव्हा सकाळचे दहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. कामगार भिका त्याच्या शेजारी उभा राहून पाइप पुसत होता. बोईसरच्या दवाखान्यात नेलं, पण त्याचा जीव जागीच गेला होता.

दुपारी कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरमधली नोंद काढली. तिच्यात एक ओळ होती : ‘१०:४१. भोंगा बंद केला. ऑपरेटर : कैलास गव्हाणे.’

तारापूरच्या ‘सुवर्धिनी ऑर्गॅनिक्स’ या रसायनांच्या कारखान्यात नियम साधा होता. तापमान ब्याण्णवच्या वर गेलं की भोंगा वाजणार, आणि भोंगा वाजला की हातातलं टाकून सगळ्यांनी बाहेर पळायचं. म्हणजे ज्याने भोंगा बंद केला त्यानेच भिकाला मारलं. पोलिसांनी कैलासवर गुन्हा नोंदवला, कंपनीने त्याला कामावरून काढलं, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

उमरोळीच्या नरहरी राऊत मास्तरांना मात्र त्या दिवसापासून अन्न जाईना. भोंगा वाजवणारा, बंद करणारा आणि त्याची नोंद ठेवणारा तो प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. २००४ साली, व्हिज्युअल बेसिकमध्ये. तेव्हा ते पालघरला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. आता सदुसष्टावं चालू होतं. क्लास बंद होऊन कैक वर्षं झाली, पण प्रोग्राम अजून चालतोय याचा त्यांना आतून अभिमान होता. पेपरात बातमी आली त्या सकाळी तो अभिमान घशात अडकला.

शुक्रवारी चौकशी अधिकाऱ्यांची नोटीस आली. प्रणालीचे निर्माते म्हणून बुधवारी अकरा वाजता कोळगावला जिल्हा कार्यालयात हजर राहावे. सोबत एक सीडी होती. तिच्यावर कारखान्यातल्या प्रोग्रामची प्रत आणि त्या दिवसाची नोंद.

नोटीस हातात असतानाच फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची, चुरगळलेल्या साडीत, डोळे सुजलेले.

“मी वर्षाराणी. कैलास गव्हाणेची बायको,” ती म्हणाली. “सर, एकच विचारायला आले. तुमचा प्रोग्राम खोटं बोलतो का?”

मास्तरांनी फाटक उघडलं. हाच प्रश्न ते आठ दिवस स्वतःला विचारत होते. प्रोग्राम खरा असेल, तर समोरच्या बाईचा नवरा खुनी. आणि खोटा असेल, तर खुनी ते स्वतः.

२

गव्हाणे मूळचे हिंगोलीकडचे. सालवडला एका चाळीत त्यांची खोली होती. कैलास भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, समोरचं ताट तसंच झाकलेलं.

“सर, भोंगा वाजलाच न्हाई,” तो म्हणाला. “न वाजलेला भोंगा मी बंद कसा करू?”

“आकडा दिसत नव्हता का पडद्यावर?”

कैलासने मान खाली घातली. “दिसत असंल. मी एक नंबरच्या बॅचचं रजिस्टर लिहीत होतो. दोन्ही रिअॅक्टर मीच बघायचो. भोंगा हाय म्हणून निवांत होतो. तेवढी चूक माझी. पण बटन... लेकराची शपथ, बटनाला हात लावला न्हाई.”

मास्तरांनी नोंदीचा कागद पुढे ओढला. पुन्हापुन्हा वाचूनही जे दिसलं नव्हतं, ते तेव्हा दिसलं. तापमान ब्याण्णव ओलांडल्याची वेळ : दहा, एक्केचाळीस, सात सेकंद. भोंगा बंद केल्याची वेळ : दहा, एक्केचाळीस, सात सेकंद.

एकाच सेकंदात? माणूस दचकणार, वळणार, खुर्ची सरकवणार, बटण शोधणार. इतक्या झटपट कुणाचा हात चालतो?

तिथून ते थेट कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर गेले. रूपेश पागधरे तिथे चहा प्यायला यायचा हे त्यांना माहीत होतं. रूपेश कारखान्यातली मीटरं आणि सेन्सर सांभाळायचा. कधीकाळी मास्तरांच्याच क्लासात बसलेला. मास्तरांना बघून त्याने ग्लास खाली ठेवला.

“सर, इथं नका बोलू माझ्याशी.”

“एकच सांग. भोंगा चालू होता का?”

रूपेशने आजूबाजूला पाहिलं. बाकावरचे दोघे कामगार आपापसात हिंदीत बोलत होते. तो हळू आवाजात म्हणाला, “दिवाळीआधी दिवसातून चारचार वेळा वाजायचा. वाजला की बॅच थांबवायची, गार करायची, पुन्हा चालू करायची. हर्षित साहेब वैतागले होते. मग एक दिवस वाजायचा बंदच झाला. आम्ही म्हटलं, सेन्सर बदलला असणार.”

“कोणी बदलला?”

“तेच तर. कारखान्यात सेन्सर मीच बदलतो.” रूपेशने ओठ पुसले. “आणि मी बदलला नाही.”

३

हर्षित सामंत उत्पादनाचे व्यवस्थापक. पन्नाशीच्या आतबाहेरचे, बोलणं गोड. मास्तरांना त्यांनी केबिनमध्ये बसवलं, पाणी मागवलं.

“एका सेकंदाचं म्हणताय?” ते हसले. “अहो, ऑपरेटर कंटाळलेले असतात. हात बटणावरच ठेवून बसला असेल.”

“प्रोग्राममध्ये कुणी बदल केला होता का?”

“कोण करणार? कोड फक्त तुमच्याकडे. आणि तो जुना कंपाइलर आता कुणाकडे चालतो तरी?” हर्षितनी स्वतःच्या पडद्यावर ती फाइल उघडून दाखवली. “हे बघा, तारीख. एक जानेवारी २००२. वीस वर्षांत फाइलला कुणाचा हात लागलेला नाही.”

मास्तरांनी वाकून पाहिलं. खरंच होतं. एक जानेवारी २००२.

हर्षितचा आवाज खाली आला. “राऊतसर, मी तुमच्या भल्याचं सांगतो. दोनच गोष्टी शक्य आहेत. कैलासने बटण दाबलं, किंवा तुमच्या प्रोग्रामात पहिल्यापासून दोष होता. तुम्ही कैलासला वाचवायला गेलात, तर दुसरं काय उरतं, याचा विचार करा.”

मास्तर बाहेर आले. रस्त्याकडेच्या दगडावर ते बसले. माल भरलेले टँकर समोरून जात होते. तीन हजार ओळी लिहिल्या होत्या त्यांनी तेव्हा. त्यातली एखादी ओळ वीस वर्षं दबा धरून बसली असेल तर?

खात्री करायचा मार्ग एकच होता. आपला मूळ कोड काढायचा, त्याच जुन्या कंपाइलरने त्याची पुन्हा फाइल बनवायची, आणि ती कारखान्यातल्या फाइलशेजारी चालवून बघायची. हातात चार दिवस होते.

४

सांगायला सोपं, करायला घेतलं तेव्हा नाकी नऊ आले. मुलाने दिलेल्या नव्या लॅपटॉपने जुना कंपाइलर पोटात घ्यायला साफ नकार दिला. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा अर्ध्यात थांबला. घरचा जुना कॉम्प्युटर २०११ साली जळला होता आणि त्याची डिस्क मास्तरांनी स्वतः हातोड्याने फोडली होती. शेवटी सालवडच्या एका भंगारवाल्याकडे, तारांच्या गुंडाळ्यांखाली, एक पिवळट पडलेला डबा सापडला. रविवारी सकाळी तो रिक्षातून घरी आणला. पंखा खडखडला, एक बारीक शिट्टी वाजली आणि विंडोज ९८चे ढग पडद्यावर उमटले. मास्तरांना रडू फुटायचं बाकी होतं.

कंपाइलर बसला. पण कोडच्या सीडीवर ओरखडे होते. अकरा फायलींपैकी दहा वाचल्या गेल्या. अकरावी, नेमकी भोंग्याची, काही केल्या उघडेना.

“शालू,” त्यांनी बायकोला हाक मारली, “ते भोकंवाले लांब कागद होते छापलेले. कुठे गेले?”

शालू ओसरीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. “मिरच्या वाळवाला घेतले आमी. दोन वरसं झाली.”

“सगळे?”

त्यांचा आवाज ऐकून ती कळ्या टाकून उठली. माळ्यावर चढली. अर्ध्या तासाने धुळीने माखून खाली आली तेव्हा हातात लाल डाग पडलेल्या कागदांची चवड होती. मास्तर एकेक पान उलटत गेले. हाताची आग होत होती, डोळ्यांना हात लावायची सोय नव्हती. तळाला भोंग्याच्या फाइलची ती सात पानं निघाली.

सोमवारी सकाळी त्यांनी ती फाइल अक्षर न् अक्षर टाइप केली. चारशे ओळी. मग ‘फाइल बनव’ म्हटलं. कॉम्प्युटर म्हणाला, एक जोडफाइल मिळत नाही. ती दुसऱ्या सीडीवर शोधली. मग म्हणाला, दोनशे सहाव्या ओळीत चूक आहे. मिरचीच्या डागाखाली एक कंस लपला होता. तो घातला. पट्टी हळूहळू सरकत टोकाला गेली आणि फाइल तयार झाली.

चाचणीसाठी आकडे हाताने द्यायची सोय मास्तरांनी तेव्हाच ठेवली होती. ऑपरेटरच्या जागी स्वतःचं नाव घातलं. नव्वद दिले. एक्क्याण्णव. ब्याण्णव पूर्णांक एक.

भोंगा असा कडाडला की शालू स्वयंपाकघरातून धावत आली. “काय जालं? काय जालं?”

“काही नाही,” मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. “वाजला. माझा वाजला, शालू.”

मग त्यांनी कारखान्याची फाइल लावली. तेच नाव, तेच आकडे. नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव पूर्णांक एक.

काहीच वाजलं नाही. मास्तर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. की-बोर्डला त्यांचा स्पर्शही नव्हता. आणि पडद्याच्या तळाशी एक ओळ आपोआप उमटली : ‘भोंगा बंद केला. ऑपरेटर : नरहरी राऊत.’

५

ते जागचे हलले नाहीत. घड्याळ बघत राहिले. बरोबर दहा मिनिटांनी भोंगा वाजला.

आता सगळं स्वच्छ दिसत होतं. कुणीतरी कोडमध्ये दहा मिनिटांची सूट घातली होती. तापमान चढलं की भोंगा वाजण्याआधीच गप्प करायचा, दहा मिनिटं वाट पाहायची, तोवर तापमान आपोआप उतरलं तर बॅच वाचली. अपघाताच्या दिवशी भोंगा वाजणार होता दहा एक्कावन्नला. भिका गेला अठ्ठेचाळीसला.

नोंदीचं कोडंही सुटलं. भोंगा बंद करायचं काम मास्तरांनी कोडच्या एका तुकड्यावर सोपवलं होतं. तो तुकडा भोंगा थांबवायचा आणि लगेच ऑपरेटरचं नाव लिहायचा. बदल करणाऱ्याने नवं काही लिहायचा त्रास घेतला नव्हता. तोच तुकडा वापरला होता. बटण कुणीही न दाबता कैलासचं नाव छापलं गेलं ते असं.

पण बदल केला कोणी? मास्तरांनी कारखान्याची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. चित्रविचित्र चिन्हांच्या गर्दीत सुट्या सुट्या अक्षरांत एक पत्ता होता. फाइल ज्या फोल्डरमध्ये बनते त्याचं नाव हा कंपाइलर तिच्या पोटात लिहून ठेवतो. तिथे लिहिलं होतं : SHALU.

“माझा नाव कशाला हाय त्याच्यात?” शालूने खांद्यावरून विचारलं.

बायकोच्या नावाचा फोल्डर ही त्यांची स्वतःची सवय. ही फाइल त्यांच्याच कॉम्प्युटरवर बनली होती, असं कुणीही म्हणेल. हर्षितचा वकील तर पहिल्यांदा म्हणेल.

तेवढ्यात वीज गेली. पंधरा मिनिटांनी आली. भंगारातला डबा पुन्हा सुरू झाला तेव्हा पडद्यावर लिहून आलं की तारीख नीट लावलेली नाही, आणि कोपऱ्यात दिसलं : एक जानेवारी १९९८. आतली बॅटरी मेलेली. वीज गेली की असा कॉम्प्युटर सगळं विसरतो आणि बनवणाऱ्या कंपनीने बोर्डवर कोरलेल्या तारखेवर परत जातो.

मास्तर खुर्चीतून उठलेच. एक जानेवारी २००२! त्या साली त्यांनी ‘सुवर्धिनी’चं गेटसुद्धा पाहिलं नव्हतं. कोडची पहिली ओळ लिहिली २००४ मध्ये. लिहिण्याआधी दोन वर्षं फाइल तयार कशी होईल? हर्षित जी तारीख पुरावा म्हणून मिरवत होते, तीच उलटली होती. फाइल जुनी नव्हती. ती मेलेल्या बॅटरीच्या, २००२ सालच्या कॉम्प्युटरवर अलीकडे बनली होती.

२००२ साली मास्तरांनी क्लाससाठी दोन कॉम्प्युटर घेतले होते. त्यातल्या एकावर शालूच्या नावाच्या फोल्डरमध्ये हा कोड होता. क्लास बंद केला तेव्हा दोन्ही समिधा चुरीला दिले होते; ते अजून चालत असतील असं इतके दिवस मनातही आलं नव्हतं. त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी, आता पालघरला स्वतःचा क्लास चालवणारी.

दुपारीच ते तिच्याकडे गेले. समिधाने वाकून नमस्कार केला, चहा टाकला.

“ते दोन कॉम्प्युटर?” ती म्हणाली. “सर, लॉकडाऊनमध्येच भंगारात दिले. वाळवी लागली होती टेबलांना. का हो?”

चहा पिऊन मास्तर परत निघाले. भंगारात गेले, म्हणजे माग संपला. आणि मग रूपेशचं नाव त्यांच्या मनात आलं. क्लासात बसलेला, कोड समजणारा, रोज कारखान्यात असणारा. भंगारातून तोच कॉम्प्युटर त्याने उचलला नसेल कशावरून?

संध्याकाळी त्यांनी जबाब लिहायला घेतला. ‘माझा संशय रूपेश पागधरे यांच्यावर आहे’ असं लिहिलं. लिहून झाल्यावर कागद उलटा ठेवला.

६

मंगळवारी सकाळी वर्षाराणी जबाबाची प्रत न्यायला आली. मास्तर तेव्हाच कॉम्प्युटर सुरू करत होते. पुन्हा १९९८ दिसलं, त्यांनी आजची तारीख घातली.

“ह्यालाबी रोज तारीख टाकावी लागती व्हय?” वर्षाराणीने सहज विचारलं.

“हं. बॅटरी मेली आहे.”

“चुरी मॅडमकडच्याला बी तसंच. दिवाळीपस्तोर मी टायपिंग शिकत होते तिथं. कोपऱ्यातला मोठा पांढरा डबा. बटन दाबलं की एक जानेवारी. आमी हसायचो, म्हणायचो ह्याचं रोज नवीन वर्ष.”

मास्तरांचा हात की-बोर्डवर तसाच राहिला.

“कुठलं साल यायचं?”

“दोन हजार दोन.” तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “काय झालं, सर?”

मास्तरांनी उलटा ठेवलेला कागद उचलला आणि त्याचे बारीक तुकडे केले. रूपेशला ते आज आयुष्यातून उठवणार होते. आणि आता जे नाव लिहायचं होतं, ते लिहायला हात उचलत नव्हता.

७

क्लासात दुपारची बॅच नव्हती. समिधा एकटीच उत्तरपत्रिका तपासत बसली होती. मास्तर सरळ कोपऱ्यात गेले आणि फुलाफुलांचं कव्हर बाजूला केलं. पांढरा डबा. बटण दाबलं. शिट्टी वाजली. एक जानेवारी २००२.

शालूच्या नावाचा फोल्डर जागेवर होता. भोंग्याची फाइल उघडली. दहा मिनिटांच्या ओळी तिथेच होत्या, आणि त्यांच्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी : ‘तात्पुरतं. सेन्सर आल्यावर काढायचं. समिधा.’ केलेल्या प्रत्येक बदलापाशी कारण आणि नाव लिहावं, हे मास्तरांनीच शिकवलेलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“सेन्सर बिघडलाय म्हणाले,” समिधा म्हणाली. “हर्षित साहेब स्वतः आले होते, तुमची विद्यार्थिनी म्हणून शोधत. भोंगा उगाच वाजतो, माणसं दमली आहेत, नवा सेन्सर मागवलाय, तोपर्यंत दहा मिनिटांची सूट द्या. मी दोनदा मेसेज करून विचारलं, सेन्सर आला का. उत्तर नाही. मग मीही विसरले, सर. विसरलेच.”

“आणि कैलासचं नाव?”

“तुमचाच तुकडा वापरला. तो नाव लिहितो हे माझ्या ध्यानातच नाही आलं. पेपरात वाचलं तेव्हा... त्याच दिवशी हर्षितचा फोन आला. म्हणाले, फाइल जुनी आहे असंच आम्ही सांगणार आहोत, तुम्ही गप्प राहा, तुमचं नाव कुठेच येणार नाही.” ती मटकन खाली बसली. “माझी पोर बारावीला आहे. नवरा नाही. हा क्लास गेला तर आम्ही दोघी कुठे जायचं?”

“कैलासला पण एक पोर आहे, समिधा.”

“मग मी काय करू? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते करते.”

मास्तरांना तिच्यावर ओरडायचं होतं. ते ओरडू शकले नाहीत. बटण कोणी दाबलं हे न विचारता नाव लिहून टाकणारा तुकडा त्यांनी लिहिला होता. तिने तो वापरला होता, इतकंच.

“उद्या अकराला कोळगाव,” ते म्हणाले. “हा डबा मी उचलून नेणार नाही. तू घेऊन ये. मेसेज पण आण.”

घरी आल्यावर शालूने ऐकून कपाळावर हात मारला. “अवो, पुरावा तिच्याकडेच ठेवून आले तुमी? रात्रीत फोडून टाकला तिने तर?”

“टाकू शकते,” मास्तर म्हणाले. आपण मोठेपणा केला की मूर्खपणा, हे त्यांनाही कळत नव्हतं.

८

बुधवारी अकरा वाजता समिधा आली नव्हती. साडेअकरालाही नाही.

मास्तरांनी दोन्ही फायली चालवून दाखवल्या. एक वाजली, एक वाजली नाही. चौकशी अधिकारी पुढे झुकून बघत राहिले. मग कंपनीचे वकील उठले.

“म्हणजे फाइल बदललेली आहे, हे आम्हीही मान्य करू. पण ती बनली कुठे? फोल्डरचं नाव शालू. साहेब, शालू या गृहस्थांच्या पत्नीचं नाव. कोड यांचा, कंपाइलर यांचा, फोल्डर यांचा.” ते मास्तरांकडे वळले. “राऊतसाहेब, हा कोड तुमच्याशिवाय आणखी कुणाकडे होता?”

भिंतीकडेला कैलास आणि वर्षाराणी एकमेकांना चिकटून उभे होते. हर्षित नखं बघत बसले होते. नाव घेतलं की एक पोर उघड्यावर येणार. नाही घेतलं की दुसरं.

“समिधा चुरी,” ते म्हणाले. “पालघर. माझी विद्यार्थिनी.”

“आहेत का इथे?”

शिपायाने दार उघडून व्हरांड्यात नावाचा पुकारा केला. आणि व्हरांड्याच्या टोकाला, खांबाआडच्या बाकावरून समिधा उठली. दहा वाजल्यापासून ती तिथेच बसून होती, मांडीवर चादरीत गुंडाळलेला डबा घेऊन. आत यायचं धाडस तिला झालं नव्हतं. पुकारा झाल्यावर मात्र ती चालत आली, डबा टेबलावर ठेवला, त्यावर आपला मोबाइल ठेवला.

“बदल मी केला,” ती म्हणाली. “कुणी करायला सांगितला ते मोबाइलमध्ये आहे.”

हर्षितनी नखं बघायचं थांबवलं.

तिचा जबाब दीड तास चालला. शेवटी अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं की नोंदीतली ती ओळ कैलास गव्हाणे यांच्या कृतीने आलेली नाही. हर्षितना पोलिसांनी बाजूच्या खोलीत नेलं. समिधालाही थांबायला सांगितलं. तिच्यावर गुन्हा होणार होता, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. जाताना तिने मास्तरांकडे पाहिलं नाही. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले.

बाहेर पायऱ्यांवर वर्षाराणी त्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मधेच धरलं. तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. सावळी, काटक, हातात कागदांची पिशवी. ती सकाळपासून खोलीच्या मागच्या बाकावर होती.

“मी हंसा. भिकाची बाई,” ती म्हणाली. “आतला समदा मला नाय समजला. एक सांगा मास्तर. तुमी केला होता तसाच भोंगा असता, तर तो कवा वाजला असता?”

“दहा एक्केचाळीसला.”

“आन् तो गेला कवा?”

“अठ्ठेचाळीसला.”

हंसाने बोटं मोजत मनाशी काही जुळवलं. मग कैलासकडे वळली. “तो उभा होता तिथून दार किती लांब हाय?”

कैलास खाली बघत म्हणाला, “वीस पावलं.”

“तो चालायला लय फास्ट होता,” हंसा म्हणाली. “मंग आला असता घरी.”

तिने पिशवी काखेत मारली आणि कुणी काही बोलायच्या आत पायऱ्या उतरून उन्हात चालू लागली. कैलास तिथेच खालच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडू लागला. मास्तर त्याच्याशेजारी बसले.